मध्यंतरानंतरचा सिनेमा

केडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. परवा दळण टाकून बाकावर बसले होते. गिरणीवाल्याच्या मोबाईलवर जुनी गाणी चालू होती. पट्ट्याच्या खडखडाटातून एक अंगाई ऐकू आली आणि मी एकदम उठूनच उभी राहिले. सात वर्षांची असताना पारनेरला पाहिलेल्या सिनेमातली होती ती.

घरी आले, पण हाताला काम लागेना. पिठाचा डबा भरायला घेतला तो तसाच राहिला.

त्या वर्षी आई नगरच्या दवाखान्यात होती. तिला काय झालंय हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं. मला आणि अक्काला मामाच्या गावी ठेवलं होतं. अक्का तेव्हा अकरा वर्षांची. आमची सुकलेली तोंडं बघून मामी एकदा आम्हाला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. सिनेमातली आई दोन लेकींना मागं ठेवून शहरात कामाला जाते. मध्यंतरात मला उलटी झाली. मामी मला घेऊन बाहेर रसवंतीत बसून राहिली, अक्का आतच होती. परतीच्या एसटीत तिनं मला शेवट सांगितला. आई परत येते, हिरवं लुगडं नेसून अंगणात उभी राहते आणि दोघींना हाका मारते. तो शेवट मी पाहिलाच नव्हता, हे पुढं विसरूनही गेले. माझ्या मुलींना तोच रंगवून सांगितला.

न राहवून अक्काला तिच्या सासरी, अकोले गावी फोन लावला.

"अक्का, आज ती अंगाई ऐकली. आई परत येते त्या सिनेमातली."

ती म्हणाली, "परत कुठं येती? मरती ती."

"तूच तर सांगितलं होतंस!"

"मग काय सांगायचं हुतं? तू सारखी इचारायची, आई कधी येनार. तोंडाला आलं ते सांगितलं."

तिनं फोन ठेवला. दोन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. आमची आई दोन महिन्यांनी बरी होऊन आली, पुढं चांगली म्हातारी होऊन गेली. मग मला काय टोचत होतं? तेव्हा मामाच्या गावी अक्का रोज संध्याकाळी एकटीच एसटीच्या फाट्यावर जायची. मला चुकवून खेळायला जाते म्हणून मी रुसायचे. ते आठवत राहिलं.

तिसऱ्या दिवशी संगमनेरमार्गे अकोले गाठलं. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"न कळवता आलीस? घरी काय झालं का?"

"काही नाही. सिनेमा बघायला आले."

माझ्या मुलीनं मोबाईलवर शोधून दिला होता. मध्यंतरापासूनच लावला. शेवटाकडं दवाखान्याची खाट दिसली, तसा अक्काचा सुपातला हात थांबला. लेकी पोचेपर्यंत आई गेलेली होती.

"बंद कर," अक्का म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आमची आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"दोन महिने कुणाला बोलली नाहीस?"

"कुनाला बोलनार? मला वाटायचं, मी तुला खोटं सांगितलं, आता आपली आई नक्की जानार. रोज फाट्यावर बघायचे, नगरच्या एसटीतून मामा रडत उतरतोय का."

मला आई आली तो दिवस आठवला. सगळे अक्काला शोधत होते. ती गोठ्यात वैरणीमागं सापडली, आणि हट्टी म्हणून मामीचा धपाटा खाल्ला होता तिनं.

"तेव्हा का लपलीस? आई तर आली होती."

"बघायची भीती वाटली," ती म्हणाली. "वाटलं, दुसरीच कुनीतरी आसंल."

परतीची एसटी गेली. मी उठले नाही. सूप पुढं ओढलं आणि तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागले, पण त्यातले खडे मला धड दिसत नव्हते.