पातं आण्णाप्पाचं

कडोलीत चाकू घ्यायचा तर आधी मष्णूअण्णाला विचारायचं, अशी रीतच पडली आहे. माणूस भलता फटकळ. बियाण्याचे बटाटे कापायला बसला की पुढ्यात तीन मिटते चाकू मांडतो आणि प्रत्येकाने एकेक पोतं कापून बघतो. मी त्याचा शेजारी. मला वाटायचं, ह्याला दुसरा उद्योग नाही. पण फोडीला डोळा राखायचा आणि आपलं बोटही राखायचं, म्हणजे चाकू पारखूनच घ्यावा लागतो.

यंदाही निकाल लागला. बेळगावच्या दुकानातला स्टीलचा चाकू दिसायला नवरदेव, पण अर्ध्या पोत्यातच बोथटला. निपाणीच्या भावकू लोहाराचा बरा. पातं धरून ठेवणारी त्याच्या मुठीतली पट्टी अशी घट्ट, की उघडलेला चाकू हलायचं नाव घेत नाही. तिसरा काकतीच्या आण्णाप्पा लोहाराचा. त्याच्या पात्याला तोड नाही, हे मष्णूअण्णा चाळीस वर्षं सांगत आलाय. दोघं जिवलग. पण या खेपेला आण्णाप्पाची पट्टी ढिली निघाली. कापता कापता पातं मिटलं ते अंगठ्यावरच आलं.

मष्णूअण्णाने चिंधी बांधली, पण आण्णाप्पाला ना बोल लावला ना निरोप धाडला. सगळ्या गावाला तोंडावर सुनावणारा हा माणूस दोस्ताच्या बाबतीत मऊ पडला, याचा मला रागच आला.

चार दिवसांनी आण्णाप्पा स्वतः आला. पिशवीत नवे बारा चाकू होते, बटाटे कापणाऱ्या बायकांना द्यायचे. यंदाचा चाकू कसा चालला, म्हणून त्याने विचारलं. मष्णूअण्णा उगीच बटाटे इकडचे तिकडे करत बसला. मग पिशवीकडे बघून त्याला राहवलं नाही.

"पातं अजून तुझंच रं. पट्टी धरत न्हाय. बायकांची बोटं जातील."

आण्णाप्पाने पिशवीतला एक चाकू उघडून पातं हलवून पाहिलं. मग डोळ्यांनी नीट दिसत नाही, हातालाही जोर नाही, हे त्याने सांगून टाकलं. घरात सगळे चांगलंच म्हणतात, म्हणून तर खरं ऐकायला इथवर आलो, म्हणाला.

"पट्टी कुणाची चांगली?" त्याने विचारलं.

एवढं जड उत्तर मष्णूअण्णाने जन्मात दिलं नसेल. "निपाणीच्या भावकूची."

आण्णाप्पाने तिथेच बसून बाराही चाकूंचे खिळे ठोकून काढले. मुठी बाजूला टाकल्या आणि पाती फडक्यात गुंडाळली. आता ती भावकूच्या मुठीत बसणार होती. 

"उद्या सकाळच्या गाडीनं निपाणीला जातो," आण्णाप्पा म्हणाला. "तू संगट चल. माझी पाती त्याच्या हातात द्यायला मला एकट्याला व्हायचं न्हाय."