लिलावात कुठे बघावे

नगर जिल्ह्यात ज्या लिलावाला आमचे लॅबवाले काका हजर नव्हते, तो लिलाव झालाच नाही असे खुशाल समजावे. कांद्याचे आणि बोकडांचे लिलाव मी यात धरत नाही, कारण काकाच धरत नाहीत. "त्यो बाजार," असे म्हणून ते हात झटकतात. काकांचा लिलाव म्हणजे मोडक्या, गंजक्या, वापरातून बाद झालेल्या सामानाचा लिलाव. शाळेचा डेडस्टॉक, साखर कारखान्याचे भंगार, एखाद्या दवाखान्याच्या वाकलेल्या खाटा. पेपरात आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘जाहीर लिलाव’ असे छापलेले असते. ते आमच्या जिल्ह्यात दोनच माणसे वाचत असावीत, एक ते छापणारा आणि दुसरे काका. छापणाऱ्याची मला खात्री नाही.

मी तिसगावची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. बी.एस्सी.साठी नगरच्या कॉलेजात आले तेव्हा फिजिक्सच्या लॅबमध्ये खाकी कोटातले एक उंच, किडकिडीत गृहस्थ मला भेटले. त्यांचा हुद्दा लॅब अटेंडंटचा होता, पण प्राध्यापकसुद्धा बंद पडलेले यंत्र त्यांच्यापुढे अपराध्यासारखे आणून ठेवत. व्होल्टमीटर मी अंगापासून हातभर लांब धरला होता. काका जवळ येऊन म्हणाले, "घाबरू नका म्याडम, त्येला तुमच्यापेक्षा जास्त शॉक बसलेत." तोपर्यंत मला सगळे ‘ए पोरी’ म्हणत आले होते. मी अजून एकही परीक्षा दिली नव्हती आणि काकांनी मला म्याडम करून टाकले होते. पुढे मला नुसते त्या शब्दाला पात्र व्हायचे काम उरले.

काकांना लिलावातून हवे तरी काय असते, ते मला वर्षभराने कळले. तरुणपणी काका एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत. आठवडाभर जत्रा आणि रविवारी सकाळी चर्च. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात तिचा आवाज वेगळा कळत नाही, पण ती थांबली की गाणे अनवाणी झाल्यासारखे वाटते, असे काकांचे म्हणणे. मिरजगावच्या एका कार्यक्रमात कोणा रसिकाने भान हरपून उसाच्या रसाचा पेला त्यांच्या जपानी गिटारीवर उपडा केला. रस तारांखालच्या पिकअपमध्ये शिरला. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन केलेली कॉइल. वरची तार थरथरली की त्या कॉइलमध्ये वीज जागी होते. (हे मला काकांनी शिकवले आणि नेमके परीक्षेत आले.) रसाने ती कॉइल आतून खाल्ली आणि गिटार मुकी झाली. काकांनी काकूंच्या शिलाई मशीनवर नवी कॉइल तीनदा गुंडाळून पाहिली. आवाज आला, पण डब्यात कोंडल्यासारखा. काकूंचे मशीन मात्र तेव्हापासून टाके सोडते. मग ऑर्केस्ट्रा मोडला, त्याचे सामान जिल्हाभर पांगले, आणि काका तशाच गिटारीचा तसाच पिकअप शोधत लिलावामागून लिलाव पालथे घालू लागले.

पिकअप मिळाला नाही, पण बाकीचे सुटे भाग मिळत गेले. त्या गिटारीचा आवाज कमीजास्त करायचा पॉट कारखान्याच्या जुन्या वायरलेस सेटमधला आहे, कंडेन्सर एका टुरिंग टॉकीजच्या ॲम्प्लिफायरचा, आणि तार पिळायची एक खुंटी तर चक्क जिल्ह्याबाहेरून, शिरूरहून आलेली आहे. अडचण एवढीच की लिलावात चिमूटभर वस्तू मिळत नाही, अख्खा लॉट उचलावा लागतो. शाळेच्या ॲम्प्लिफायरपायी काकांच्या घरी भारताचे तीन नकाशे, लाकडी घोडा आणि शरीरशास्त्राचा एक सांगाडा आला. सांगाडा दाराशी उभा असतो. काकू त्याच्यावर काकांचे ओले शर्ट वाळत घालतात. नवखा पाहुणा दचकला की काकू सांगतात, "घाबरू नगा, ते आमचेच. लिलावाला जाऊन जाऊन आसे झालेत."

एकदा टायपिंग इन्स्टिट्यूटच्या डिक्टेशनच्या टेपरेकॉर्डरसाठी काकांनी अकरा टेबले उचलली. त्यातले एक त्यांनी टेम्पोत घालून तिसगावला आमच्या दारात उतरवले. आईने विचारले, "ह्येच्यावर काय करायचं?" काका म्हणाले, "म्याडम अभ्यास करतील." आई मागे वळून म्याडम कोण ते बघू लागली. त्याच टेबलावर मी बी.एस्सी. झाले. पदवीदानाला आई आली, वडील आले आणि इस्त्रीचा शर्ट घालून काकाही आले. माझे नाव पुकारले तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला. काका मात्र पूर्ण वेळ मान वर करून सभागृहाच्या पंख्याकडे बघत होते. तो पंखा धड फिरतही नव्हता. मी पदवी घेऊन जवळ गेले तेव्हा म्हणाले, "बेरिंग गेलंय त्येचं." मला तेव्हा जरा वाईट वाटले होते.

लिलावात बसायचे काकांचे एक शास्त्र आहे आणि त्याचा पहिला नियम असा, की जे हवे तिकडे बघायचे नाही. तुमची नजर जिथे ठरली तिथे दुसऱ्याची बोली पडते. म्हणून काका नको त्या वस्तूवर असे डोळे लावतात, की बाजूचा माणूस अस्वस्थ होऊन तीच घेऊन टाकतो. नगरचे एक भंगारवाले शेठ या शास्त्राचे कायमचे बळी होते. काकांनी ट्रॅक्टरच्या फाटक्या सीटांकडे प्रेमाने पाहिले की शेठनी सीटा घेतल्याच.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या कानांत मशीन आले. आयुष्यभर स्पीकरशेजारी उभे राहिल्याचा तो प्रसाद होता. मी भेटायला गेले तेव्हा ते सहज सांगावे तसे म्हणाले, "वरचे सूर गेले म्याडम. पाखरं, शिट्टी, काकूची बडबड, समदं गेलं. खालचे तेवढे हायेत. ते जायच्या आत तिचा आवाज येकदा ऐकला म्हंजी झालं." काकू आतून ओरडल्या, की बडबड बरोबर ऐकू येते, सोयीने जाते. पण त्या बाहेर आल्या नाहीत.

मी आता राहात्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी तिथे बंद पडलेल्या एका मंडपवाल्याच्या गोदामाचा लिलाव निघाला. आदल्या दिवशी सामान बघायला ठेवतात. मी गेले तर फुटक्या स्पीकरांच्या ढिगात एक बास गिटार! तारा नव्हत्या, रंग उडाला होता, पण जात तीच. मी फोटो काढून काकांना पाठवला. सकाळच्या पहिल्या एसटीने काका हजर. दाराशीच त्यांनी कामे वाटून दिली, "म्याडम, तुमी खुर्च्यांकडं बगा. मी पंख्यांकडं बगतो."

काकांनी पंख्यांकडे असे पाहिले की पंख्यांना लाज वाटावी. मी खुर्च्यांकडे बघत होते, देवाशप्पथ बघत होते. पण लहानपणी आमच्या घरात हव्या त्या वस्तूकडे डोळे भरून बघायची सवय होती, कारण तेवढेच परवडायचे. तिसरा, म्हणजे स्पीकरांच्या ढिगाचा लॉट पुकारला आणि माझे डोळे गेले ते त्या गिटारीवर जाऊन बसले. समोर शेठ बडीशेप चघळत होते. त्यांनी काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या नजरेच्या मागोमाग ढिगाकडे. पुढे बोली चढत गेली. काकांचा हात एकदा वर झाला, दोनदा झाला, तिसऱ्यांदा अर्ध्यावरून खाली आला. एक वार, दोन वार, तीन वार. गिटार शेठच्या टेम्पोत गेली.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी चहाला हात लावला नव्हता. चूक माझी होती आणि काकांचे कान काही थांबणार नव्हते. काकांनी माझा चहा बशीत ओतून पुढे सरकवला. "डोळे हायेत म्याडम, बगनारच," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकांचे चर्च आटोपल्यावर आम्ही दोघे शेठच्या नगरच्या वखारीत गेलो. सवयीने काका आधी वजनकाट्याकडे बघत राहिले, मग शेठच्या कुत्र्याकडे. शेठही मुरलेले, तेही काही बोलेनात. गिटार त्यांच्या गादीमागे टेकवलेली होती. मग काकांनी कानांतली दोन्ही मशिने काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि मी ओळखते तेव्हापासून प्रथमच, हव्या त्या वस्तूकडे सरळ बघत म्हणाले, "शेठ, ती गिटार मला पायजे."

शेठ चघळायचे थांबले. "आवो, मग आधी बोलायचं न्हाई का? मला ती काय वाजवायची हाय? बारा वर्सं झाली, ह्यो मानूस बगतो येकीकडं आन् घेतो भलतंच. त्येच्या नादानं माज्याकडं सीटांचा डोंगर झालाय." काका गप्पच. शेठनी मला विचारले, "का वो, रागावले का?" मी सांगितले, की त्यांनी मशिने काढून ठेवली आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ऐकू यायला नको म्हणून.  शेठ उठले, गिटार आणून काकांच्या मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "त्येंच्या दारातला सांगाडा मला द्या म्हनावं. वखारीपुढं हुबा करतो, चोर तरी येनार न्हाईत."

सांगाडा गेला. काकूंना दोन दिवस चुकल्यासारखे झाले म्हणे.

काकांनी पिकअप काढून आपल्या गिटारीत बसवला, वायरींना डाग दिले, गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, पॉट फिरवला. काहीच नाही. काकूंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. काकांनी एक वायर पुन्हा तापवून जोडली आणि सगळ्यांत जाड तार छेडली. आवाज आधी कानाला आलाच नाही, पायांखालच्या फरशीला आला. मग मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या, नकाशांतले तिन्ही भारत हलले. काकांनी मशिने काढली, हनुवटी गिटारीच्या लाकडावर टेकली आणि तीच तार पुन्हा पुन्हा छेडत राहिले. आणि बघत होते कुठे, तर वर, पंख्याकडे.

काकू माझ्याजवळ सरकल्या. त्यांना आता कुजबुजायची गरज नव्हती, तरी कुजबुजल्या, "मला बगायला आले तवा बी आसंच. माज्याकडं येकदा मान वळीवली न्हाई. आमच्या पंख्याकडंच बगत बसले. भाऊ म्हनला, पोरगं वायरमन दिसतंय. म्या आठ दिस रडले. आन् नवव्या दिशी निरोप आला, पोरगी लई पसंत हाय."

 मला पदवीदानाचे ते सभागृह आठवत होते, आणि बेरिंग गेलेला तो पंखा.

संध्याकाळी काका मला एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी म्हटले, येते काका. त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे. ते फलाटाच्या खांबावरच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे निरखून बघत उभे होते. गाडी हलली, वळली, तरी बघतच होते. त्या फळ्यावरची अक्षरे पुसली गेल्याला कितीतरी वर्षे झाली आहेत.