फुलपाखरू माशाचा उपास

मासा विकत आणायचा आणि तो खायचा नाही, ही पद्धत आमच्या घराण्यात मी सुरू केली. आईने त्याबद्दल मला अजून पुरतं माफ केलेलं नाही. ती कोळीवाड्यातली, सारा जन्म वसईच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा कुठे ती घरी बसली, आणि समोर बघते तर हॉलमध्ये माझी चार फुटी काचेची टाकी. आत खाऱ्या पाण्यातले मासे, वर निळे दिवे. समुद्र दहा मिनिटांवर, मिठागरं त्याच्याही अलीकडे, आणि आपला मुलगा पाकिटातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात ढवळून समुद्र बनवतो, हे ती आल्यागेल्याला सांगते. किनाऱ्यावरचं पाणी टाकीला चालत नाही, ते घाण असतं, असं मी म्हणतो. मग ती विचारते, त्या घाण पाण्यातले मासे खाऊन तू एवढा मोठा कसा झालास. इथे मी चिडून उठतो आणि पुन्हा मीठ ढवळू लागतो.

टाकीतली सगळ्यात लाडकी वस्तू मात्र मी आणलेली नव्हती. ती माझ्या मुलीने दिली होती. ती नर्स आहे. दोन वर्षं मुंबईच्या हॉस्पिटलात काढून ती परदेशी निघाली, तेव्हा जायच्या आधीच्या आठवड्यात एक मोठं समुद्रफूल घेऊन आली. समुद्रफूल दिसायला फूल, पण असतो प्राणी. खडकाला बुडाने चिकटून बसतो आणि बोटांसारख्या मऊ शेंड्या पाण्यात हलवत राहतो. त्याच्यासोबत केशरी-पांढऱ्या जोकर माशांची जोडी होती. ती दिवसभर त्या शेंड्यांत लोळायची. टाकीत ते फूल सोडताना मुलगी म्हणाली, "हे उघडलेलं दिसलं की समजायचं मी मजेत आहे." नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली असेल. पण मी त्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधी टाकीपाशी जाऊ लागलो. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, फूल कसं आहे. मी म्हणायचो, मस्त. ती म्हणायची, मग मीपण मस्त.

ख्रिसमसच्या जरा आधी मी एक नवा खडक आणून टाकीत ठेवला. त्याच्यासोबत करंगळीच्या नखाएवढं एक तपकिरी समुद्रफूल फुकटात आलं. मला आनंदच झाला. पुढच्या आठवड्यात तशी तीन झाली, तेव्हा दुकानदाराला फोटो पाठवला. त्याने कळवलं की हे टाकीतलं तण आहे, वेळीच आवरा, याचा डंख लागला की बाकीची फुलं मिटतात.

मी वालीवला एका वर्कशॉपमध्ये साचे बनवतो. आमच्या धंद्यात लोखंडाच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत किनार, राहिली तर कानस मारून ती काढून टाकायची, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी घरी येऊन बाह्या सरसावल्या, एक पातळ पाती घेतली आणि ती तिन्ही फुलं खरवडून काढली. फार समाधान वाटलं. पंधरा दिवसांनी टाकीत चाळीस होती. खरवडताना उडालेल्या प्रत्येक बारक्या तुकड्याचं एक नवं फूल झालं होतं. आई काठी टेकत आली, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली की हा लव्हाळा आहे, उपटावा तितका वाढतो, हे वाडीवाल्या कुणालाही विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. आठवडाभर रोज जेवताना तिने लव्हाळ्याचा विषय काढला. मी रागाने भात जास्त खाल्ला.

पण राग बाजूला ठेवला तर मी घाबरलो होतो. तपकिरी फुलं मुलीच्या फुलाच्या बुडापर्यंत पोचली होती. ते दिवसेंदिवस मिटून राहू लागलं, मूठ आवळल्यासारखं. जोकरांची जोडी बेघर झाल्यागत वरच्या पंपाजवळ घुटमळायची. आणि मुलगी ईस्टरला घरी येणार होती. तोवर हे फूल वाचलं पाहिजे, यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. रविवारच्या कॉलला मी फोन अशा कोनात धरू लागलो की टाकीची फक्त चांगली डावी बाजू दिसावी. फूल दगडामागे गेलंय, मस्त आहे, असं सांगायचो. मी म्हटलं तर तापट माणूस, पण खोटारडा नाही. ते खोटं मला जड जात होतं.

शेवटी दुकानदाराने उपाय सांगितला: हे तण खाणारा मासा. पिवळ्या-तांबूस पट्ट्यांचा, चपटा, पुढे लांब बारीक चोच असलेला फुलपाखरू मासा. त्याने बजावून सांगितलं की हा मासा भारी लहरी आहे. पुष्कळदा नव्या घरी काहीच खात नाही आणि उपासमारीने मरतो. मी आणला. त्याने आठ दिवस माझ्या टाकीत फेऱ्या मारल्या, तपकिरी फुलांकडे बघितलं आणि पुढे गेला. कोरडं खाणं तोंडात घेऊन थुंकलं. त्याचं पोट आत गेलं. मी त्याच्यावरही चिडलो, जणू तो माझ्याकडे कामाला होता.

आईला मात्र हे बघवेना. घरात कुणी उपाशी फिरतंय हेच तिला सहन होत नाही, मग तो मासा का असेना. तिने शेजारणीकडून बाजारातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागवल्या. स्वतः विळीवर बसली. आमच्याकडे तिसऱ्यांची एकशिपी करतात, म्हणजे एक शिंपला टाकायचा आणि दुसऱ्यात मांस तसंच ठेवून शिजवायचं. तिने एक शिंपला न शिजवता बाजूला काढला, धुतला आणि मला म्हणाली, "ही ठेव त्याच्या म्होरं. चोच हाय त्याला, टोचून खानारा हाय तो. पानी पिऊन कोन जगतो?"

मी ती एकशिपी वाळूवर ठेवली. मासा आला, मान तिरकी करून बघितलं, आणि टोचलं. मग पुन्हा टोचलं. पाच मिनिटांत शिंपला चकचकीत रिकामा. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला बघायची गरजच नव्हती. मी तेवढ्यात जाऊन बायकोला, खालच्या वॉचमनला आणि दुकानदाराला सांगून आलो होतो.

इथे आम्ही ती चूक केली, जी आमच्याच घरात होऊ शकते. पाहुण्याने एकदा खाल्लं म्हटल्यावर त्याला आग्रह करणं आम्हाला थांबवता येत नाही. सकाळी एक एकशिपी, संध्याकाळी एक. बायको शाळेतून येताना कोळंबी आणायची, तिचा बारीक तुकडा. मासा गुबगुबीत झाला. आई खुर्चीत बसलेली दिसली की तो काचेपाशी येऊन उभा राहायचा, आणि आई त्याच्याशी बाजारभाव बोलायची. घरात इतकं हसणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. फक्त तपकिरी फुलांना त्याने एकदाही चोच लावली नाही. कशाला लावेल? तण वाढत होतं, मुलीचं फूल आता लिंबाएवढं आक्रसलं होतं, आणि ज्याला कामासाठी आणला तो जावयासारखा मानपान घेत होता.

मग राखेचा बुधवार आला. ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला. आमच्याकडे त्या चाळीस दिवसांत प्रत्येकजण आवडीचं काहीतरी सोडतो. आई चर्चमधून, मिस्साहून परतली, कपाळावर राख तशीच, आणि चपला न काढता टाकीपुढे उभी राहिली. माशाला म्हणाली, "आजपासून तुझा पन उपास. मी तिसऱ्या सोडल्या, तू पन सोड." तिसऱ्या हा तिचा जीव की प्राण. पोट रिकामं राहिलं की तो तणाकडे वळेल, हा तिचा हिशेब होता. पण माशाला उपाशी ठेवून आपण त्याच्यासमोर खायचं, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी मासा दिवसभर काचेपाशी उभा होता. शुक्रवारी त्याने मुलीच्या फुलाकडे मोर्चा वळवला आणि मी काचेवर थाप मारली, कारण समुद्रफूल ते समुद्रफूल, त्याला काय फरक. पण जोकरांची जोडी पंपाजवळून अशी धावून आली, की त्या एवढ्याशा माशांनी त्याला टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत हाकललं. शनिवारी त्याचं पोट पुन्हा आत गेलेलं दिसलं. मला राहवेना. रविवारी पहाटे मी फ्रीजमधून कोळंबीचा तुकडा घेतला आणि आवाज न करता हॉलमध्ये आलो. टाकीपुढे आई उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्यात एकशिपी.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ही शेजारणीची आहे, असं काहीतरी ती पुटपुटली. मी म्हटलं, कोळंबी खराब होत होती. तेवढ्यात आत हालचाल झाली. मासा काचेपाशी आलाच नव्हता. तो मागच्या खडकावर डोकं खाली करून लटकला होता. चोच कपारीत गेली, एक झटका, आणि तिथलं तपकिरी फूल नाहीसं झालं. त्याने जरा चघळल्यासारखं केलं. मग शेजारचं घेतलं. आईने माझा दंड धरला. आम्ही दोघं तशीच उभी होतो, हातात तुकडा आणि शिंपला घेऊन, आणि तो एकेक फूल टिपत होता. आठ मोजली. मग मला नीट दिसेना, कारण मी रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आईने एकशिपी फ्रीजमध्ये ठेवली आणि मिस्साला जायला साडी काढली.

पुढच्या आठवड्यांत त्याने खडक न् खडक साफ केला. आई रोज निरीक्षण करून मला हिशेब द्यायची, कुठली कपार झाली, कुठली राहिली. मुलीचं फूल आधी थोडं सैल झालं, मग एका सकाळी पूर्ण उघडलं, ताटलीएवढं, आणि जोकरांची जोडी आत लोळत होती. चहा तसाच राहून गार झाला.

ईस्टरला मुलगी आली. बॅग दारातच टाकून ती टाकीपुढे मांडी घालून बसली. फूल छान उघडलेलं होतं. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं, पण ते जड ओझं माझ्याच्याने वागवेना. मी तिला सगळं सांगितलं, खरवडल्यापासून उपासापर्यंत, आणि हेही की तीन महिने मी फोन एकाच बाजूने धरत होतो.

तिने काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "पपा, मीपण तसाच धरत होते. माझ्या खोलीची तेवढी एकच भिंत आवरलेली होती."

आई स्वयंपाकघरातून आली. कढईतला रस्सा अजून हातावर लागलेला, आणि त्या हातात एक कच्ची एकशिपी. ती तिने नातीपुढे धरली आणि म्हणाली, आधी याचा उपास सोड, मग आपला. मुलीने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून शिंपला वाळूवर ठेवला. मासा आला, मान तिरकी केली, टोचलं.

मग आम्ही जेवायला बसलो आणि मी मुलीला विचारलं, कशी आहेस. या वेळी तिने खरं सांगितलं. तिथला हिवाळा, रात्रपाळ्या, बाथरूममध्ये नळ सोडून रडणं, आणि आता हळूहळू बरं वाटतंय तेही. सांगायला तिला बराच वेळ लागला. तोवर आई तिच्या ताटात एकशिप्या वाढत राहिली, आणि मुलीने एकदाही पुरे म्हटलं नाही.