रंगाखालचा सिलिंडर

‘ताई, आडवा नका ठिवू त्याला. सवय नाय त्याला आडवं पडायची.’

सिलिंडर न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा चादरीत गुंडाळलेला होता. मी हात मागे घेतला. पिवळाधमक रंग, गळ्यापाशी हळदीकुंकवाची बोटं. पैठणहून एसटीने आणला होता, खिडकीजवळ बसवून.

‘कंडक्टरनं तिकीट नाही मागितलं?’ मी विचारलं.

‘मागितलं की. म्हणलं, पोरगं हाय, झोपलंय.’

हे किसनमामा. धंद्याने पाणबुडे. आपल्याकडे समुद्र नाही, पण धरण आहे. धरणातून पाणी उचलणाऱ्या पंपांच्या तोंडाशी जाळ्या असतात. त्यांत शेवाळ, फांद्या, कुणाचं मासेमारीचं जाळं असं काहीबाही अडकतं. ते काढायला माणूसच खाली उतरतो. मामांनी उभं आयुष्य तेच केलं. मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका टेस्टिंग स्टेशनवर सिलिंडरचं इन्स्पेक्शन बघते. आमच्याकडे येतात ते बहुतेक ऑक्सिजनचे नाहीतर आग विझवायचे. पाण्याखाली माणसाला श्वास देणारा सिलिंडर क्वचितच येतो.

‘शिक्का जुना झालाय म्हणतो भरणारा. हवा देत नाय. तेवढा पास करून द्या.’

‘वय काय याचं?’

‘माझ्या उस्तादचा हाय. त्यांनी मरताना दिला.’

लोक मला नेहमी विचारतात, सिलिंडरची एक्स्पायरी डेट कोणती? औषधासारखी तारीख याला नसते. पोलाद नीट राखलं तर मालकापेक्षा जास्त जगतं. रबराचं तसं नाही. नळ्या, वॉशर, तोंडात धरायचा भाग वयानुसार कडक होतात आणि बदलावेच लागतात. सिलिंडरची मात्र ठरावीक वर्षांनी परीक्षा घ्यायची. आत पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. पोलाद किंचित फुगतं. दाब काढल्यावर ते पुन्हा जागेवर आलं तर पास. ही हायड्रो टेस्ट. पण त्याआधी आतून-बाहेरून डोळ्यांनी बघायचं असतं, आणि त्यासाठी रंग काढावा लागतो.

रंग म्हटल्याबरोबर मामा उठून उभे राहिले.

‘रंग? अहो, दरसाल खंडेनवमीला नवा हात देतो मी. आधी पूजा, मग रंग. एक वर्ष चुकवलं नाय.’

आमच्याकडे खंडेनवमीला सगळीच हत्यारं पुजतात. मुकुंदवाडीत आमच्या घरी तर मिक्सरलाही झेंडूची माळ पडते, मी कोणत्या तोंडाने हसणार! पण रंगाचे थर इतके जाड झाले होते की सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखाली, ठोकलेले टेस्टचे आकडे बुजून गेले होते.

आमचे देशमुखसाहेब डोकावले. ‘मॅडम, सकाळपासून एकाच सिलिंडरला कुरवाळताय?’

‘सर, मी नाही, हे कुरवाळतायत.’

वरचा रंग निघाला. खाली पोलाद छान होतं. मामांचा चेहरा उजळला. मग मी तळाकडे वळले. असा सिलिंडर उभा राहावा म्हणून बुडाला रबरी टोपण असतं. ते अधूनमधून काढून धुवायचं असतं. मामांचं टोपण निघेना. टोपण आणि पोलाद यांच्यातली फट त्यांच्या रंगाने पक्की बुजली होती. शेवटी कापलं. आतून काळं पाणी ओघळलं, धरणाचं. गंजाचे पापुद्रे टेबलावर पडले.

वरून कीर्तन, आतून तमाशा! दरसाल मामा प्रेमाने रंग देत होते आणि दरसाल ते पाणी आत कोंडत होते.

‘घासून टाका,’ मामा म्हणाले. ‘थोडा गंज कुठं नसतो?’

मी घासला. खाली खड्डे होते, खोल.

साहेब हळूच म्हणाले, ‘टेस्टला लावून बघा, म्हणजे त्यांचंही समाधान होईल.’

‘नाही सर. इतके खड्डे दिसल्यावर दाब द्यायचाच नसतो. आज टिकलाच तर मी शिक्का मारू का?’

मामा चिडले. ‘ताई, तुम्ही पाण्यात उतरला का कधी? यानं मला एकदाबी दगा दिला नाय!’

मलाही राग आला. माझा राग नाकावरच असतो. ‘आता पाण्यात कोण उतरतं, मामा? तुम्ही?’

त्यांनी गुडघे चोळले.

‘नाय. गुडघे गेले. शोभा जाते. माझी लेक.’

‘आणि हवा भरताना जवळ कोण असतं?’

‘तीच.’

असा सिलिंडर फुटतो तो बहुतेक वेळा हवा भरताना. शेजारचं माणूस वाचत नाही. मी हे सांगितलं नाही. खड्डे चाचपायचं दाभण त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘सगळ्यात खोल खड्डा तुम्हीच बघा.’

त्यांनी टोक टेकवलं. पोलादाचा पापुद्रा सुटून खाली पडला. दाभण आत गेलं, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच. ते तिथंच बोट ठेवून बसले. त्यांचे डोळे भरले, आणि खरं सांगते, माझेही.

‘उस्ताद म्हणायचे, याला लेकरासारखं जप,’ ते म्हणाले. ‘लेकरू तर घरी हाय माझं. कापा ताई.’

बाद सिलिंडर पुन्हा कुणी भरू नये म्हणून कापावाच लागतो. शोभासाठी नवा सिलिंडर कुठून घ्यायचा ते साहेबांनी स्वतः फोन करून ठरवलं. कापल्यावर मामांनी खांद्याकडचा अर्धा भाग मागितला. त्याच्यापासून काही धोका नव्हता. मी दिला.

पुढे पैठणला गेले तेव्हा त्यांनी मला होडीत बसवलं. तो अर्धा सिलिंडर होडीच्या कडेला दोरीने घंटेसारखा टांगलेला होता, कापलेलं तोंड पाण्यात बुडवून. शोभा खाली गेलेली, वर नुसते बुडबुडे. तिची वर यायची वेळ झाली तसा मामांनी त्यावर पाना मारला. पाण्यात आवाज लांब जातो. थोड्या वेळाने नव्या सिलिंडरसकट शोभा वर आली आणि तोंडातली नळी काढून ओरडली, ‘आले ना बाबा, किती बडवता!’

‘बघा ताई,’ मामा म्हणाले, ‘हाक मारायच्या कामाला लागला.’

मी त्यावर हात फिरवला. रंग नव्हता, फक्त हळदीकुंकू होतं. नव्या सिलिंडरलाही तेवढंच लावायचं, असं मी दोघांना बजावून आले. वस्तूला जीव लावावा, रंग लावताना मात्र आधी बूड बघावं.