कोणाच्या हातून

निखारेकाकांकडे बिघडलेली वस्तू नेली की ते वस्तूकडे बघायचेच नाहीत. आधी वही पुढे सरकवायचे. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने मारलेली उभी रेघ. डावीकडे ‘काय झालं’, उजवीकडे ‘कोणाच्या हातून’. दोन्ही रकाने मालकाने स्वतःच्या अक्षरात भरायचे, त्याशिवाय पेचकस उचलला जायचा नाही. इस्त्री असो, रेडिओ असो की कुणाचा मिक्सर. एखाद्याने उजवीकडे ‘आपोआप’ लिहिलं की काका चष्म्यावरून बघून म्हणत, “आपोआप फक्त जंग लागते, बावा. बाकी सारं कोणी ना कोणी करते.”

मला ती वही बघितली की तिडीक यायची. अहो, इस्त्री तापत नाही म्हणून माणूस आलाय, त्याची जबानी कसली घेता? पण काकांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. ते पोलादाच्या प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. तिथे शिफ्ट बदलताना रजिस्टरात सगळं लिहून द्यावं लागे, काय उघडलं, काय बंद केलं, कुणी केलं. तीच सवय ते घरी घेऊन आले होते. “जे लिहिलं नाही, ते पुढच्या शिफ्टले आंधळ्यावानी शोधा लागते,” हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. मूळचे भंडाऱ्याकडचे, प्लँटच्या कॉलनीत, आमच्याच सेक्टरमध्ये मागच्या रांगेत राहायचे. काकू वारल्यापासून रविवारची सकाळ ते मागच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांच्या वस्तू दुरुस्त करण्यात घालवत.

माझे बाबा, सदाभाऊ, त्यांचे जुने मित्र. त्याच प्लँटमध्ये क्रेन ऑपरेटर. मी सव्वीस वर्षांची असताना बाबांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे महिनेच कामाचे, बोटं रोज हलली पाहिजेत, नाहीतर हात आखडेल. दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने थेट अंगणात भिरकावला. “मी का लहान पोरगा आहे, चेंडू खेळाले?” आई रडली, मी ओरडले, चेंडू शेजाऱ्यांच्या कुत्र्याने नेला.

त्याच सुमारास मस्कतहून मामा आले आणि टीव्हीला जोडायचा गेम देऊन गेले. राखाडी डबा, त्यात कॅसेट खोचायची. एका कॅसेटमध्ये वरून पडणारे ठोकळे खाली नीट रचायचा खेळ होता. मी रोज ऑफिसमधून येऊन तो खेळायची आणि रोज हरायची. बाबा दोन दिवस खाटेवरून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. “अवं, लोड तिरपा उतरून राहिला! दे इकडे.” जन्मभर क्रेनच्या केबिनमध्ये बसून लोखंड जागेवर उतरवलेला माणूस, त्याला माझं रचणं कसं सहन होणार? उजवीकडची बटणं उजव्याच अंगठ्याने दाबावी लागत. पहिल्या आठवड्यात अंगठा नुसता थरथरला. दीड महिन्यात तो बटण दाबू लागला. एका सकाळी बाबांनी उजव्या हाताने अर्धा कप चहा उचलून तोंडाला लावला, तेव्हा आईने चहाच्या भांड्यात साखरेऐवजी मीठ टाकलं, इतकी ती हरखली होती.

आणि मग माझ्यासारख्या हुशार बाईला त्या डब्यात मुंग्या दिसल्या. दुपारी बाबा झोपले होते. मी बाबांचा जाडजूड पेचकस घेतला, डबा उघडला, आणि आतली सर्किटची हिरवी पाटी निघेना म्हणून खालून पेचकस घालून जोर दिला. पेचकस सटकला. पाटीवर चरचरीत ओरखडा उठला आणि तांब्याच्या तीन बारीक रेघा कापल्या गेल्या. डबा बंद करून लावला, तर पडदा नुसता राखाडी.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी काय केलं? क्वार्टरच्या खिडक्यांना लावलेला हिरवा ऑइलपेंट डबीत उरला होता. आगकाडीच्या टोकाने मी तो ओरखड्यावर बेमालूम भरला. बाबांना सांगितलं, व्होल्टेज वाढलं होतं. सुपेल्याच्या बाजारातल्या मेकॅनिकने डबा हातात घेऊन तसाच परत दिला, “मैडम, बाहर का माल है, इसका पुर्जा नहीं मिलेगा.” शेवटी राहिले निखारेकाका आणि त्यांची वही.

मी डावीकडे लिहिलं, ‘व्होल्टेज वाढलं’. उजवीकडे लिहिलं, ‘लाइट’.

काका म्हणाले, “लाइटले हात असतेत का?”

“मग काय लिहू? माझं नाव घालू?” मी फणकारले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. “राहू दे. लिहिलं म्हंजे खरं असन.” आणि डबा उघडला.

आता पुढचे तीन रविवार मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. काकांनी लिहिलेलं खरं मानलं आणि जिथून वीज आत येते तिथेच शोधत बसले. एका रविवारी अॅडॉप्टर तपासला. दुसऱ्या रविवारी पावर हाउसच्या बाजारात जाऊन एक कंडेन्सर आणून बदलला. मी बाजूला उभी राहून चरफडत होते. एकदा तर वैतागून म्हणाले, “काका, जरा बाकीची पाटी पण बघा ना!” ते शांतपणे म्हणाले, “कावून बघू? तुवा व्होल्टेज लिहिलं न?” माझाच शब्द माझ्या तोंडावर. घरी बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. नवा चेंडू आणला, तोही भिरकावला गेला. हात परत मिटत चालला होता, ते मला दिसत होतं, आणि तरी माझं तोंड उघडत नव्हतं. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या रविवारी गेले तर काका टेबलापाशी मान खाली घालून बसलेले. वही उघडी होती. माझ्या नोंदीखाली त्यांच्या वळणदार अक्षरात नवी ओळ होती. डावीकडे, ‘पुर्जा काढताना पाटीवरची तांब्याची टिकली उखडली’. उजवीकडे, ‘भाऊराव निखारे. घाई केली’.

“सदाभाऊ वाट पाहून राहिला म्हणून घाई झाली,” ते म्हणाले. “पैल्यांदा माझं नाव आलं या वहीत.” त्यांचा आवाज खजील होता. ज्या पुर्ज्याला काहीच झालं नव्हतं, तो काढताना त्यांच्या हातून चूक झाली होती, आणि तो पुर्जा त्यांना काढायला लावला होता मी.

मी वही ओढली. ‘लाइट’ खोडायला गेले तर काकांनी हात धरला. “वहीत खोडत नसते. खाली लिही.” मी खाली लिहिलं, ‘पेचकस सटकला, वरून रंग लावला’. उजवीकडे माझं नाव, सुधा.

मला वाटलं आता बोलणी बसतील. काकांनी ब्लेडने रंग खरवडला, भिंग डोळ्याला लावून तीन कापलेल्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, “रंग मात्र बराबर जुळवला व माय तू.” बस, एवढंच. मग इस्त्रीच्या जुन्या वायरीतला एकेक बारीक तंतू सोडवून त्यांनी एकेका रेघेवर जोडला. “एक टाका, मंग सास घे. दुसरा टाका, मंग सास घे,” हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. उखडलेल्या टिकलीला दहा मिनिटं लागली. तासाभरात पडद्यावर ठोकळे पडू लागले.

पण बाबांचा अंगठा नाही उठला. त्यांनी प्रयत्न केला, दोन-तीन दिवस केला. मग डावा हात पलीकडे नेऊन ते बटण दाबू लागले. ठोकळे अगदी सरळ रचले जायचे. चहाचा कप मात्र आईच धरायची, तो शेवटपर्यंत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कुणाचा दोष नाही. काका तेव्हा शेजारी बसले होते. बाहेर पडताना पायरीवर थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, “तो अंगठा पैले चालत होता न?” मी “हो” म्हटलं. ते चप्पल घालून निघून गेले.

पुढे काका रिटायर झाले. सामान बांधून झालं, अवजारं कुणाकुणाला देऊन झाली आणि जायच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन आमच्याकडे आले. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. काकांनी ते पान उघडलं. माझ्या नोंदीखाली त्यांनी इतकी वर्षं एक ओळ मोकळी ठेवली होती. “एक लाइन बाकी आहे. भरून घेतो, मंग जातो.”

मला संताप आला. माणूस जाऊन महिना झाला नाही आणि यांना रकाने भरायचे! पण पेन घेतलं. डावीकडे लिहिलं, ‘बाबांचा अंगठा’. उजवीकडे माझं नाव.

काकांनी वही वळवून घेतली, वाचली, आणि माझ्या नावापुढे लिहिलं, ‘व भाऊराव निखारे’.

“हे काय? खोडा ते,” मी जवळजवळ ओरडलेच. “तुमचा काय संबंध?”

“वहीत खोडत नसते,” ते म्हणाले, आणि वही पिशवीत घालून गेले.

भंडाऱ्याकडे गेल्यावर चार वर्षांत तेही गेले. वहीचं काय झालं कुणास ठाऊक. मला अजूनही त्यांचा राग येतो. आयुष्यभर लोकांना खरं लिहायला लावलं, आणि स्वतः त्या वहीत एकदाच खोटं लिहिलं, तेही माझ्यासाठी.