बंबावरची सहावी जागा

आधी माझी चूक सांगून टाकतो. नाही म्हणायचं होतं तिथे मी "नक्की येतो" म्हणालो, आणि तेही अशा बाईला, जिच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते: बंबावर चढलेली आणि अजून न चढलेली. ही बाई म्हणजे माझ्या मित्राची बायको, आम्हा सगळ्यांची वहिनी. नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहराच्या पलीकडच्या आमच्या लहानशा गावात आग विझवायला गावकरीच जातात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या वहिनी डच शिकता शिकता त्यांच्यात शिरल्या आणि मग बाकीच्यांना ओढू लागल्या.

बंब सहा जणांशिवाय निघत नाही आणि दिवसा पाचच मिळायचे. सहावा निदान शिकायला तरी लागला नाही, तर उन्हाळ्यानंतर दिवसाचा बंब बंद होणार होता. मग आग लागली तर शेजारच्या गावची वाट बघत बसायचं. तेवढ्यात कोरोना आला, रोज ॲमस्टरडॅमला जाणारे आम्ही सगळे आयटीवाले घरात अडकलो, आणि वहिनींना घबाड मिळाल्यासारखं झालं. व्हिडिओवरच्या चैत्राच्या हळदीकुंकवात उखाण्याच्या जागी त्या म्हणाल्या, "नवरे दिवसभर घरीच आहेत ना? मग एकेक द्या!" वाण म्हणून प्रत्येकीच्या दारात धूर झाला की वाजणारा भोंगा ठेवून गेल्या. तेव्हापासून कोणाकडे कधी फोडणी पडते ते साऱ्या गल्लीला कळू लागलं. नवऱ्यांपैकी एकाने गुडघा पुढे केला. पन्नाशीच्या दुसऱ्याने पुण्याची आई नको म्हणते असं सांगितलं. तिसरा तर नेट गेल्यासारखा पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठला, पण त्याच्या मागून मांजर शांतपणे चालत गेलं. "मांजराचं नेट चांगलं आहे हो तुमच्या," वहिनी म्हणाल्या.

मग मला फोन आला. माझी मीटिंग सुरू होत होती. फोन ठेवायला म्हणून मी "नक्की येतो, वहिनी" म्हणालो. आपल्याकडे याचा अर्थ कोणालाही कळतो. पण वहिनी एव्हाना निम्म्या डच झाल्या होत्या. त्यांनी माझ्या मापाचे बूट काढून ठेवले आणि माणसं शोधणं थांबवलं.

पहिल्या सरावाच्या दिवशी मी खोकलो. फोनवर, आणि बऱ्यापैकी. पुढचे दहा दिवस वहिनी रोज दारात डबा ठेवून रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "भाऊजी, वास येतोय का?"

"थोडा थोडा!" मी खिडकीतून ओरडायचो. डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण असायचं. शेजारच्या डच आजींनी तोवर खिडक्या बंद करून घेतलेल्या असायच्या. बायको आतून म्हणायची, "लाज वाटू दे जरा." वाटत होती. पण मी जेवतही होतो.

बरा झाल्यावर मी काम वाढल्याचं सांगितलं. वहिनींनी पुन्हा धावाधाव केली, पण उन्हाळा संपला आणि दिवसाचा बंब बंद झाला.

त्यानंतरच्या शनिवारी त्या एकट्याच बंब पुसत होत्या. मी लांबूनच म्हणालो, "वहिनी, मला खोकला नव्हता. आगीची भीती वाटते मला."

त्यांनी हात थांबवला नाही. "मलाही वाटते, भाऊजी. म्हणून तर सोबतीला ओळखीचं माणूस शोधत होते."

तासाभराचं भाषण पाठ करून गेलो होतो. त्यातलं एवढंच आठवलं.

"माफ करा, वहिनी. मी पहिल्याच दिवशी नाही म्हणायला हवं होतं."