लग्न झालेल्या बाईच्या गोळ्या

"ह्या गोया तुले काऊन पाह्यजे वं?"

मेहकरच्या औषधाच्या दुकानात दुकानदाराने पाकीट वर धरून विचारलं. मागे चार-पाच माणसं उभी. माझ्याआधी जी बाई औषध घेऊन गेली तिला तो ‘वहिनी, तुम्ही’ म्हणाला होता. मला ओळखत होता. जानेफळच्या बाजूची मास्तरीण, बौद्धवाड्यातली. म्हणून ‘तुले’.

मी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली नाही.

"लगन झालं का तुवं?"

"नाही."

"मंग पाळणा लांबवाच्या गोया कायले?"

मागे कोणीतरी हसलं. मला लाज वाटली असं सांगायला हवं. पण खरं सांगते, काहीच वाटलं नाही. अंग बधिर झालं होतं. पैसे ठेवले, त्याच्या हातातलं पाकीट घेतलं अन् एसटी स्टँडकडे चालू लागले.

साठ साली मराठी राज्य झालं, त्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. कापडाच्या घड्यांवर घड्या लावूनही लुगडं भिजायचं. एकदा तिसरीच्या वर्गात खाली बसले ती उठताच येईना. पोरींनी भोवती कडं करून मला झाकून बाहेर नेलं. आठ-नऊ वर्षांच्या पोरी. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आई म्हणायची, "बाईच्या जातीले हे चालूच राह्यते."

शेवटी बुलडाण्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाल्या, "रक्त राहिलंय कुठं अंगात? ह्या गोळ्या मूल लांबवायला देतात, पण पाळीही आवरतात. एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस बंद. त्या सात दिवसांत जाईल, पण थोडं." लोहाच्या गोळ्याही दिल्या. एवढंच. त्यांनी लग्नाचं विचारलं, पण रोग्याला विचारतात तसं.

गोळ्या आणल्याच्या तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. दुकानातली गोष्ट माझ्या आधी शाळेत पोचली होती. खुर्चीवर शाळा समितीचे अध्यक्ष बसलेले. गावातली अर्धी जमीन त्यांची. मी उभी.

"तुमच्या लोकायत चालत असन," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या पोरी शिकतात इथं."

हेडमास्तरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "राजीनामा लिहून द्या, बाई. घरगुती कारण टाका. बोभाटा नको."

उद्या देते म्हणाले. कागद घेऊन घरी आले.

आईला सगळं सांगितलं. ती हात जोडायला लागली. माझ्यापुढे. "गोया फेकून दे, माय. नोकरी गेली तं तुले बी माह्यासंगं वावरात निंदाले यावं लागन." बाप गेल्यावर दुसऱ्यांच्या वावरात राबून तिने मला शिकवलं होतं. तिचं भय खोटं नव्हतं. मी तिच्यासमोरच पाणी घेतलं अन् गोळी गिळली. ती उठून बाहेर जाऊन बसली.

सकाळी तोच कागद हेडमास्तरांपुढे ठेवला. कोरा. अध्यक्षही होते.

"राजीनामा देत नाही. तुम्ही काढा. फक्त कारण लिहा. ‘बाईंना पाळीत रक्त फार जातं, त्याचं औषध त्या घेतात, म्हणून काढलं.’ तुमच्या अक्षरात. खाली सही करा."

हेडमास्तर अध्यक्षांकडे पाहू लागले. "बाई, असे शब्द..."

"हे लिहिता येत नाही, तर ‘तुमच्या लोकांत चालत असेल’ हे बोलता कसं आलं?"

कोणी पेन उचललं नाही. घंटा झाली. मी वर्गावर गेले. जिंकल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

नोकरी राहिली. दोन घरांनी पोरी काढून घेतल्या. मास्तर मंडळी वर्षभर माझ्याशी बोलली नाहीत. आईसुद्धा किती दिवस नुसतं ताट वाढून द्यायची. पहिला महिना मळमळलं. मग पाळी पाचव्या दिवशी थांबायला लागली. अंगात रक्त भरलं. फळ्यापुढे ताठ उभी राहू लागले.

बधिरपणा मात्र गेला नाही. जायची वाट मी पाहतही नाही. एक ठरवलंय. औषध लपवून घेणार नाही. कुजबुजणार नाही. पाळी हा शब्द मी पुऱ्या आवाजात म्हणते, मोठ्या पोरींच्या वर्गातही. ज्याला ऐकवत नाही त्याने उठून जावं. मी जागची हलणार नाही.